कोडचा तुकडा देताना आणि घेताना



अध्यापक विद्यालयात पाठ टाचणांची उसनवारी कशी चाले, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. मागील तुकडीतील एखाद्या हुशार छात्राध्यापकाची वही हातोहात फिरे आणि तिच्या चार-पाच नकला होत. माझ्या एका सहाध्यायाने अशाच वहीवरून परिसर अभ्यासाचा पाठ दिला. मूळ टाचण बेचाळीस मुलांच्या वर्गासाठी लिहिलेले होते व त्यात गटकार्यासाठी सात गट सांगितले होते. आमच्या सराव शाळेच्या वर्गात मुले होती सतरा. तरीही त्याने सात गट पाडले. चार गटांत दोन-दोनच मुले आली आणि गटप्रमुख कोणी व्हावे यावरून त्या दोघांत भांडण जुंपले. पाठनिरीक्षणास बसलेल्या सरांनी "गट सातच का?" असे विचारले, तेव्हा त्याने निरागसपणे उत्तर दिले, "टाचणात सात आहेत, सर."

हा प्रसंग आज आठवण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या शाळांतील अनेक शिक्षक शाळेचे वेबपान स्वतःच तयार करू लागले आहेत. कोणी त्यावर निकालाची यादी मांडतो, कोणी पाढ्यांचा सराव घेणारा छोटा खेळ रचतो, तर कोणी पालकांकडून माहिती भरून घेण्याची सोय करतो. यांतील सगळा कोड, म्हणजे संगणकाने काय करावे याच्या लेखी सूचना, स्वतःच्या बुद्धीने लिहिणारा शिक्षक क्वचितच आढळतो. बहुतेक जण दुसऱ्याने लिहिलेला तुकडा घेतात, त्यातील नावगाव बदलतात आणि आपले काम चालते करतात. यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. वेबपाने घडविणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, ते वेब डेव्हलपरही नित्य हेच करीत असतात. प्रस्तुत लेखात असा तुकडा कसा द्यावा व कसा घ्यावा, एवढ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

वेबची वाढच मुळी या उसनवारीवर झालेली आहे. जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली वेबची कल्पना मांडली. १९९१ साली ती संस्थेबाहेरील लोकांना खुली झाली आणि १९९३ साली सर्नने ते सारे तंत्र विनामूल्य वापरण्यास जगाला देऊन टाकले. वेबपान वाचणाऱ्यास त्या पानाचा मूळ कोडही पाहता यावा, ही सोय ब्राउझरमध्ये अगदी आरंभीच्या काळापासून आहे. आजही संगणकावर कोणतेही पान उघडून कंट्रोल व यू या दोन कळा एकदम दाबाव्यात. पानामागचा कोड समोर येतो. एखाद्या सुगरणीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिची फोडणी पाहावी, तसे हे आहे. पहिल्या पिढीतील कितीतरी डेव्हलपर कोणत्याही वर्गात न बसता केवळ दुसऱ्यांची पाने उलगडून शिकले. मी स्वतः जे थोडेफार शिकलो, तेही असेच.

आता एका चांगल्या, उपयुक्त तुकड्याचे उदाहरण पाहू. मराठी वेबपानाच्या आरंभी 'मेटा चारसेट' या शब्दांनी सुरू होणारी एक ओळ लिहितात व तीत 'यूटीएफ-८' असे नमूद करतात. या पानावरील अक्षरे कोणत्या पद्धतीने साठविलेली आहेत, हे ती ओळ ब्राउझरला सांगते. पूर्वी आपण कार्यालयीन मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकित करीत असू. तो फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसला, की मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उमटे, कारण आत साठविलेली अक्षरे खरोखरच इंग्रजी असत आणि त्यांना देवनागरीचा पोशाख तेवढा चढविलेला असे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला व चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला. हे क्रमांक साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी वर्णाला तीन.

ही ओळ एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि पुष्कळांचे भले झाले. तथापि काहींची तक्रार येई, की ओळ घातली तरी अक्षरे बिघडलेलीच दिसतात. याचे कारण असे, की या सूचनेचा दुसरा अर्धा भाग देणाऱ्याच्या तोंडून राहून जात असे. ती फाइल साठविताना तीसुद्धा यूटीएफ-८ याच रीतीने साठवावी लागते. देणाऱ्याच्या संपादक प्रोग्रॅममध्ये ती निवड आधीपासूनच झालेली असल्याने, आपण असे काही करतो याची त्याला जाणीवच नव्हती. जी गोष्ट आपल्या घरी आपोआप होते, ती सांगावयाची राहते. सेटिंगविषयीच्या सूचनांत हा दोष सर्वांत अधिक आढळतो.

एक खूण सांगून ठेवतो. मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर घाबरू नये. तीन बाइटांचा जो देवनागरी वर्ण, त्याचा पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि जुन्या युरोपीय पद्धतीने वाचल्यास तो तसा 'ए' दिसतो. मजकूर शाबूत आहे, वाचण्याची रीत चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. याउलट नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर मजकूर साठवितानाच नष्ट झाला असण्याचा संभव असतो व मूळ प्रत शोधावी लागते.

याच ठिकाणी आणखी एक छोटी सूचना करतो. पानाच्या आरंभी 'लँग' या शब्दापुढे मराठीची 'एमआर' ही खूण घालावी. अंध व्यक्तींसाठी पान वाचून दाखविणारा प्रोग्रॅम त्या खुणेवरून मराठी उच्चार निवडू शकतो. शिवाय ज्या फाँटमध्ये मराठीची स्वतंत्र सोय केलेली आहे, त्यात या खुणेमुळे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श उमटतात. ही दोन्ही अक्षरे अशाच वळणाने लिहावीत, असे शासनाने २००९ साली ठरवून दिले आहे. पहिलीच्या मुलांना पाटीवर एक वळण आणि पडद्यावर दुसरे, असे होणे बरे नव्हे.

तुकडा त्याच्या मूळ जागी ठीक चालतो व पुढे हजारो ठिकाणी जाऊन अपाय करतो, असे घडले आहे. अमेरिकेत मॅट राइट या शाळकरी वयाच्या मुलाने १९९५ साली आपले काही छोटे प्रोग्रॅम सर्वांसाठी विनामूल्य ठेवले. त्यांतील फॉर्ममेल नावाचा प्रोग्रॅम विशेष लोकप्रिय झाला. पानावरील रकाने वाचकाने भरले, की त्यातील मजकूर ईमेलने पानाच्या मालकाकडे पाठवावा, एवढेच त्याचे काम. त्या काळी अशी सोय अन्यत्र सहज मिळत नसल्याने जगभर लोकांनी तो उतरवून घेतला. मात्र ईमेल कोणाला पाठवावयाची, तो पत्ता आरंभीच्या आवृत्त्यांत पानाच्या कोडमध्येच लिहिलेला असे. तो बदलून कोणीही परका मनुष्य तुमच्या यंत्राकरवी वाटेल त्याला पत्रे पाठवू शके. जाहिरातबाजांच्या हे लक्षात आले आणि असंख्य निरपराध संस्थांची यंत्रे नकोशा पत्रांची टपालघरे बनली. मूळ लेखकाने सुधारित आवृत्ती काढली, परंतु ज्यांनी जुनी उतरविली होती त्यांना ते कळणार कसे? पुढे लंडनमधील पर्ल भाषेच्या जाणकारांनी त्याच कामाचे, त्याच नावांचे सुरक्षित प्रोग्रॅम नव्याने लिहून दिले, आणि आपल्या जुन्या प्रोग्रॅमऐवजी तेच घ्यावेत अशी शिफारस राइट यांनी स्वतःच्याच पानावर केली. मला या कथेतील तो शाळकरी मुलगा दोषी वाटत नाही. त्याने दिले ते सद्भावनेने दिले आणि मोठेपणी आपली चूक मोकळेपणाने सांगितली. त्याचा प्रोग्रॅम न वाचता बसविणारे सगळे प्रौढ होते.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगणे सुखाचे नाही. पण या लेखाचे प्रयोजनच ती आहे.

२०१८ साली मी एका केंद्राचा केंद्रप्रमुख होतो. पटनोंदणीच्या वेळी पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची वये तपासणे हे कंटाळवाणे काम असते. अंगणवाडीकडून आलेल्या यादीतील प्रत्येक जन्मतारीख घ्यावयाची, ठरलेल्या दिवशी सहा वर्षे पूर्ण होतात की नाही ते मोजावयाचे, आणि पात्र मुलांची वेगळी यादी करावयाची. हे काम आपोआप करणारे एक वेबपान मी तयार केले. वय मोजण्याचा कोडचा तुकडा मला आयता मिळाला होता. दोन-चार तारखा घालून पाहिल्या, वये बरोबर आली. मला फार आनंद झाला. मी तो तुकडा आमच्या तालुक्यातील तंत्रस्नेही शिक्षकांना पाठविला, त्यांनी तो आणखी कोणाकोणाला दिला, आणि माझे कौतुकही झाले.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. एका वस्तीशाळेवरील बाईंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या यादीत एक मुलगी कमी आहे. तिचा भाऊ माझ्याकडे तिसरीत आहे, मला तिचे वय ठाऊक आहे. ती सहाची कधीच झाली." मी म्हणालो, "बाई, तारीख चुकीची भरली गेली असेल." त्या म्हणाल्या, "तारीख मी स्वतः भरली आहे, सर. आपण एकदा पाहावे."

मी पाहिले. मुलीची जन्मतारीख ११ फेब्रुवारी २०१२ अशी होती आणि ती आपल्या नेहमीच्या रीतीने ११/०२/२०१२ अशी भरलेली होती. माझ्या पानाने ती २ नोव्हेंबर २०१२ अशी वाचली होती. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी व दिवस नंतर लिहितात आणि जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा तिरप्या रेघांची तारीख त्याच क्रमाने वाचते. मी घेतलेल्या तुकड्यात आणखी एक सोय होती. महिन्याच्या जागी बाराहून मोठा अंक आला, तर दिवस व महिना यांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. त्यामुळे २५/०४ सारख्या तारखा बरोबर लागत. मी तपासणीसाठी घातलेल्या तारखा १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, स्वतःच्या मुलाची २१ मार्च अशा होत्या. त्या सगळ्या निमूटपणे पार पडल्या.

गणित करून पाहा. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा संशयास्पद, म्हणजे वर्षात १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा ज्यांत दिवस व महिना सारखाच आहे, त्या १२ उलटल्या तरी बदलत नाहीत. उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवशी जन्मलेल्या मुलांचे वय माझ्या पानाने चुकीच्या तारखेवरून मोजले होते. शंभरातील छत्तीस मुले झाली ती. त्यांतील पुष्कळांची पात्रता तरीही बदलली नाही, म्हणून चूक इतके दिवस झाकली गेली. आमच्या केंद्रात नऊ मुले यादीतून वगळली गेली होती आणि चार मुले वयापूर्वीच आत आली होती.

मला सर्वांत अधिक बोचलेली गोष्ट पुढेच आहे. मूळ तुकडा मी पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा त्याच्या डोक्यावर इंग्रजीत एक ओळ आढळली. संगणकाने वाचावयाची नव्हे, माणसाने वाचावयाची टीप. तिला डेव्हलपर 'कमेंट' म्हणतात. तारखा महिना-दिवस-वर्ष या क्रमाने असतील असे गृहीत धरले आहे, असे तीत स्वच्छ लिहिलेले होते. मी तुकडा घेताना ती ओळ वाचली नव्हती. ती कामाची नाही असे समजून, कोड सुबक दिसावा म्हणून मी ती काढून टाकली होती, आणि ज्यांना तुकडा पाठविला त्यांना तो त्या ओळीवाचून पाठविला होता. लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य केले होते. त्याची सूचना वाटेत पुसली ती मी.

आमच्या केंद्रातील नऊही घरी मी बाईंना व संबंधित मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन गेलो. आठ मुले त्याच महिन्यात वर्गात आली. ती मुलगी आली नाही. पुढच्या वर्षी या असे ऐकल्यावर आईने तिला आजोळी ठेवले होते. ती पुढील जूनमध्ये आली, भावापेक्षा तीन इयत्ता मागे. इतर केंद्रांत काय घडले, ते मी पूर्णपणे शोधू शकलो नाही. तुकडा कोणाकोणाकडे गेला याची नोंद नव्हती, त्यावर माझे नाव नव्हते, आणि दोन ठिकाणी तर तो नवे रूप घेऊन भेटला. ज्यांचा पत्ता लागला त्यांना मी दूरध्वनी केले. ज्यांचा लागला नाही, त्यांच्या शाळांतील मुलांचे मला आजही काही सांगता येत नाही.

या तारखेच्या प्रकरणामागे आणखी एक उसनवारी आहे, ती पुढे माझ्या वाचनात आली. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत रचली. वेळ थोडा होता, म्हणून तारखा हाताळण्याचा भाग जावा या त्या वेळी नव्या असलेल्या भाषेतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला गेला. त्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. जावाच्या कर्त्यांनी १९९७ सालच्या आवृत्तीत तारखेच्या त्या जुन्या रीतींपैकी बऱ्याचशा त्याज्य ठरविल्या. जावास्क्रिप्टमध्ये मात्र जानेवारी आजही शून्यच आहे, कारण तोपर्यंत असंख्य पाने त्यावर विसंबून राहिली होती. पीएचपी भाषेत आणखी निराळी तऱ्हा. तिच्यात तिरप्या रेघा दिल्या तर तारीख अमेरिकी क्रमाने वाचली जाते आणि आडव्या रेघा दिल्या तर आपल्या क्रमाने! यास्तव कोणत्याही भाषेत तारीख अंदाजाने वाचण्याचे काम संगणकावर सोपवू नये. दिवस, महिना, वर्ष यांचे तीन वेगळे रकाने ठेवावेत, अथवा मजकूर रेघांपाशी तोडून तिन्ही अंक आपण स्वतः योग्य जागी बसवावेत. साठविताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा. तो आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम असून त्यात गोंधळास जागा नाही.

थोरामोठ्यांच्याही चुका होतात, याचा एक दाखला देऊन पुढे जातो. फाइलचा आकार किलोबाइट, मेगाबाइट अशा सोप्या रूपात दाखविणारा जावा भाषेतील एक तुकडा २०१० साली एका अनुभवी प्रोग्रॅमरने स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर उत्तरादाखल दिला. तो हजारो ठिकाणी उतरविला गेला. त्यात आसन्न किमतीची चूक होती. ९,९९,९९९ बाइटांची फाइल एक मेगाबाइट दाखवावयाच्या ऐवजी तो हजार किलोबाइट दाखवी. आपण पाचवीच्या वर्गात ९९९ ची शतकापर्यंतची आसन्न किंमत काढावयास देतो आणि निम्मी मुले तेथे अडखळतात, तीच ही जागा. नऊ वर्षांनी त्या प्रोग्रॅमरनेच आपली चूक जाहीरपणे लिहून दुरुस्ती दिली.

आता तुकडा देण्याची रीत. माझ्या मते तुकड्याबरोबर एक चिठ्ठी असलीच पाहिजे, आणि ती वेगळ्या कागदावर न ठेवता कोडच्या डोक्यावर कमेंट म्हणून लिहावी, म्हणजे ती सुटी पडत नाही. तारखेच्या दुरुस्त तुकड्यावर मी आता जी चिठ्ठी ठेवतो, ती नमुन्यादाखल येथे देतो:

"हा तुकडा दिवस, महिना, वर्ष या क्रमाने तिरप्या रेघांनी लिहिलेली जन्मतारीख वाचतो. वर्ष चार अंकी असावे. देवनागरी अंक त्याला कळत नाहीत. अंक इंग्रजी भरावेत. तारीख लागली नाही तर नाव यादीतून गाळले जात नाही, लाल रंगात वर दिसते. पात्रतेचा दिवस तिसऱ्या ओळीत आहे, तो दरवर्षी शासन निर्णयानुसार बदलावा. क्रोम व फायरफॉक्स या दोन ब्राउझरांवर पाहिला आहे, अन्यत्र नाही. मूळ तुकडा दुसऱ्याचा आहे, त्याचा पत्ता खाली दिला आहे. चूक आढळल्यास मला कळवावे व ज्यांना हा दिला त्यांनाही कळवावे."

चिठ्ठी कोडपेक्षा मोठी झाली, असे एका तरुण शिक्षकमित्राने हसून म्हटले. झाली खरी. तिच्यातील 'अन्यत्र नाही' हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. आपण काय पाहिलेले नाही, हे सांगणारा देणारा विरळा. मूळ लेखकाचा पत्ता देणे हाही नुसता शिष्टाचार नव्हे. कोडवर पुस्तकाप्रमाणेच लेखकाचा हक्क असतो. पुष्कळ लेखक वापरण्याची मोकळीक देतात, पण नाव व परवान्याची टीप कायम ठेवण्याची अट घालतात. आणि दुरुस्ती झालीच तर ती त्याच पत्त्यावर मिळते.

चिठ्ठीत जे कधीही नसावे, तेही सांगितले पाहिजे. सेटिंगची फाइल दुसऱ्याला देताना तीत आपला पासवर्ड तसाच राहतो; मी तो तालुक्याच्या गटावर सर्वांसमोर आलेला पाहिला आहे. तेथे 'येथे आपला शब्द लिहावा' असे लिहून मग फाइल द्यावी. नमुना म्हणून खऱ्या मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक तर मुळीच पाठवू नयेत. नमुन्याची मुले कल्पनेतील असावीत.

घेणाऱ्याने काय करावे? प्रथम तुकडा वाचावा. प्रत्येक ओळ समजली पाहिजे असा माझा आग्रह नाही. परंतु कोणती ओळ समजली नाही, हे तरी आपणांस ठाऊक असावे. नंतर त्याला अडचणीची उदाहरणे घालावीत. नेहमीची उदाहरणे तुकडा सोडवितोच, कारण लिहिणाऱ्यानेही तीच पाहिलेली असतात. गुणाकाराची चाचणी काढताना आपण शून्य असलेली संख्या मुद्दाम घालतो की नाही? तसेच येथे. रिकामा रकाना, शून्य गुण, २९ फेब्रुवारी, दोन मुलांचे एकच नाव, आणि मराठीचे जोडाक्षर ही उदाहरणे अवश्य पाहावीत.

जोडाक्षराविषयी थोडे अधिक सांगतो, कारण इंग्रजीसाठी लिहिलेले तुकडे येथे हमखास फसतात. नावाचे पहिले अक्षर घेणारा तुकडा 'ज्ञानेश्वर' या नावातून 'ज' तेवढा काढतो. संगणकाच्या लेखी 'ज्ञ' हे ज, हलन्त आणि ञ असे तीन भाग आहेत. 'शिक्षण' या शब्दात आपली मुले तीन अक्षरे मोजतात. युनिकोड सहा मोजतो. आणि बाइट मोजावे तर अठरा भरतात. मजकूर लांबीवरून तोडणारा तुकडा यांपैकी काय मोजतो, हे पाहिल्यावाचून वापरू नये. बाइट मोजून तोडले तर वर्ण मधोमध तुटतो व त्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटते. प्रशस्तिपत्रावर मुलाच्या नावाच्या शेवटी असे चिन्ह छापून आले, तर त्याला काय वाटेल?

राहता राहिल्या दोन बारीक सूचना. आपल्या संगणकावर दिसणारी छायाचित्रे पान वेबवर चढविल्यावर नाहीशी होतात, अशी तक्रार नेहमी येते. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील मोठी व लहान इंग्रजी अक्षरे सारखीच समजली जातात, पण वेबची बहुतेक यंत्रे लिनक्सवर चालतात आणि तेथे ती भिन्न असतात. फाइलची नावे सर्वत्र लहान अक्षरांतच ठेवावीत. दुसरे असे, की 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ पानाच्या आरंभी घालावी; तिच्यावाचून मोबाइल आपले पान संगणकाच्या रुंदीचे समजतो आणि अक्षरे मुंगीएवढी करतो. आपले पालक पान पाहतात ते मोबाइलवरच.

स्वाध्याय

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक तंत्रस्नेही शिक्षकाने आपल्या शाळेच्या पानावरील उसना घेतलेला एक तुकडा छापून आणावा. त्यावर वरीलप्रमाणे चिठ्ठी लिहावी. तुकडा कोठून घेतला हे आठवत नसेल, तर तसेच लिहावे. परिषदेत आपला तुकडा शेजारच्या शाळेच्या शिक्षकास द्यावा, आणि त्याने केवळ चिठ्ठी वाचून तो बसवून दाखवावा. त्या वेळी मूळ देणाऱ्याने तोंडी काही सांगू नये. जेथे घेणारा अडला, ती ओळ चिठ्ठीत वाढवावी. ज्यांच्याकडे वयगणनेचे पान आहे, त्यांनी त्यात ११/०२, ०२/११, ०७/०७ आणि २९/०२ या चार तारखा घालून काय उत्तर येते ते लिहून आणावे. २०१८ सालचा माझा जुना तुकडा कोणाकडे अद्याप चालू असल्यास त्याची ओळखीची खूण अशी, की त्याच्या डोक्यावर एकही टीप नाही. तो आढळल्यास परिषदेची वाट न पाहता त्याच दिवशी काढून टाकावा व मला कळवावे.